पाटीवर ‘अँड सन्स’ आणि ‘जनरल स्टोअर्स’ नीट कसं लिहायचं: नव्या दुकानदारांसाठी

दुकान मराठी माणसाचं, गिऱ्हाईक मराठी, नियमाप्रमाणे पाटीही देवनागरीत, आणि त्या पाटीवर काय, तर ‘मैचिंग सेन्टर’. ब्लाउजपीस घ्यायला येणारी एकही बाई आयुष्यात ‘मैचिंग’ म्हणालेली नसते. ती ‘मॅचिंग’ला जाते. तरी बाजारपेठेतून एक चक्कर मारलीत तर ‘होटल’, ‘ज्वैलर्स’, ‘डेयरी’, ‘सर्विस सेन्टर’ अशा पाट्यांची रांग दिसेल. दुकानदार अडाणी असतो म्हणून हे होत नाही. तो इंग्रजी नाव व्हॉट्सॲपवर पाठवतो, डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर मजकुराची मांडणी करणारा, ते संगणकाकडून देवनागरीत करून घेतो, फॅब्रिकेटर, म्हणजे प्रत्यक्ष पाटी बनवणारा, आलेली फाइल कापतो. तिघांपैकी कोणीच ते नाव मोठ्याने वाचत नाही.

मी डीटीपीच्या धंद्यात आहे आणि पाट्यांची प्रुफं माझ्या टेबलावरून जातात. नवीन दुकान टाकणाऱ्यांना जे तोंडी सांगत असते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी हे जवळ ठेवा

- शॉप ॲक्टची पावती किंवा नोंदणी प्रमाणपत्र (लोक अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात तेच). अर्ज करायचा असेल तर त्याचा मसुदा
- जीएसटी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र
- ट्रेडमार्क घेतलेला असेल तर त्याचा कागद
- दर्शनी भागाचं माप: रुंदी, उंची आणि रस्त्यापासूनचं अंतर
- जागामालकाची किंवा सोसायटीची लेखी परवानगी
- एक कोरा कागद आणि जाड मार्कर. याचं काम पहिल्याच पायरीला आहे

1. नाव आधी हाताने लिहा

संगणकाला हात लावण्याआधी पूर्ण नाव देवनागरीत मार्करने लिहून काढा आणि घरातल्या दोघांना मोठ्याने वाचायला सांगा. एक जुन्या पिढीतलं, एक शाळेत जाणारं. दोघं न अडखळता तुम्ही म्हणता तसंच वाचत असतील तर लेखन ठरलं. त्या कागदाचा फोटो काढा. पुढे प्रत्येकाला हा फोटो पाठवायचा, इंग्रजी नाव नाही.

हे लेखन शॉप ॲक्टच्या अर्जाआधी ठरवण्याचं कारण असं, की बऱ्याच ऑनलाइन अर्जांत इंग्रजी रकाना भरला की मराठी रकाना आपोआप भरतो. तिथे ‘जेनेरल स्टोर्स’ उमटलेलं कोणी पाहत नाही, आणि ते तसंच पावतीवर छापून येतं. मग पाटीवर एक, पावतीवर दुसरं. चालू खातं उघडताना बँकेचा माणूस दुकानाचा फोटो आणि पावती शेजारी ठेवतो, तेव्हा कटकट सुरू होते. मराठी रकाना स्वतः खोडून स्वतः भरा. अर्जासोबत मराठी पाटीसह दुकानाचा फोटो मागितला जातो हेही लक्षात असू द्या. कायमची पाटी तयार नसेल तर निदान साधा फ्लेक्स लावून फोटो काढावा लागतो, आणि त्या फ्लेक्सवरचं लेखनही हेच हवं.

2. नियम काय सांगतो

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी 2017चा अधिनियम आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं पूर्वी मराठी पाटीच्या सक्तीतून सुटत. 2022च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. आता दुकान लहान असो की मोठं, नामफलक मराठी भाषेत, देवनागरी लिपीत हवा. दुसरी भाषा ठेवायला मनाई नाही, पण मराठी अक्षरं सुरुवातीला यावीत आणि त्यांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा. जिथे मद्य विकलं किंवा दिलं जातं, त्या दुकानाच्या पाटीवर महनीय व्यक्तींचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव चालत नाही. ‘शिवनेरी बार’सारखी नावं मनात असतील तर आत्ताच सोडून द्या.

व्यापाऱ्यांची संघटना या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 25 सप्टेंबर 2023 रोजी न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, आणि ती संपल्यावर मुंबई महापालिकेने तपासणी सुरू केली. तेव्हा दर कामगारामागे 2,000 रुपये दंडाची आकारणी जाहीर झाली होती.

मग इंग्रजी नावाचं भाषांतर करायचं का? राज्यभर, अगदी मोठ्या ब्रँडांच्या दुकानांवरसुद्धा, मूळ नावच देवनागरीत लिहिलेलं दिसतं. माझं मत असं की नावाला हात लावू नये. ‘रॉयल फुटवेअर’चं ‘राजेशाही पादत्राणे’ केलंत तर पत्ता सांगतानाही लोक हसतील. मराठीपण दाखवायची जागा नावाखालची ओळ आहे, तिच्याकडे चौथ्या पायरीत येऊ.

बेळगाव-निपाणीकडच्या दुकानदारांनी हा भाग आपल्याला लावू नये. तिथे कर्नाटकाचा कायदा चालतो आणि पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं. उरलेल्या जागेत मराठी लिहिणार असाल तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

3. इंग्रजी शब्द मराठी तोंडाने लिहा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. कसोटी एकच: गिऱ्हाईक जसं म्हणतं तसं लिहायचं. इंग्रजी स्पेलिंगकडे बघायचं नाही आणि हिंदी पाटीची नक्कलही करायची नाही. हिंदीची लेखनपद्धत हिंदीसाठी बरोबर आहे. फोनचा कीबोर्ड किंवा भाषांतराचं ॲप मात्र न विचारता तीच आपल्या गळ्यात मारतं.

*ॲ आणि ऑ.* ‘बॅग’, ‘गॅस’, ‘मॅचिंग’, ‘ॲक्सेसरीज’, ‘हॉटेल’, ‘ऑप्टिशियन’. ‘बैग’ किंवा ‘होटल’ दिसलं की समजा, संगणकाने हिंदीत करून दिलंय. शासनाने 2009 साली वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ॲ आणि ऑ हे स्वर आहेत, त्यामुळे ही अक्षरं वापरताना कचरायचं काही कारण नाही.

*व्ह.* ‘सर्व्हिस’, ‘व्हरायटी’, ‘व्हेज’. आपण ‘व्ही. शांताराम’ म्हणतो आणि लिहितो, ‘वी.’ नाही. आद्याक्षरांचं नाव असेल तर हीच कसोटी: ‘वाय’, ‘झेड’, ‘डब्ल्यू’. ‘आर. वाय. ट्रेडर्स’ हवं असताना ‘आर. वाई.’ येतं, कारण हिंदीत ते अक्षर तसं लिहितात. इतकं बारीक कोण बघतो, असं वाटेल. वाईच्या गिऱ्हाइकांचे फोन आल्यावर कळेल.

*अर.* ‘स्टोअर्स’, ‘हेअर’, ‘डेअरी’, ‘हार्डवेअर’, ‘फुटवेअर’. ‘स्टोर’, ‘हेयर’, ‘डेयरी’ नको.

*झ आणि फ.* ‘झेरॉक्स’, ‘फॅशन’. अक्षराखाली टिंब देऊ नका. मराठीत नुक्ता नाही. पाटीवर दिला तर लोकांना रंगाचा थेंब पडल्यासारखा दिसतो.

*शेवटचा स.* इंग्रजी अनेकवचन कानाने ऐका. ‘गिफ्ट्स’, ‘सन्स’, ‘टेलर्स’, ‘ज्वेलर्स’ यांत स. ‘शूज’, ‘टॉईज’, ‘ॲक्सेसरीज’ यांत ज. इंग्रजी Men's मधलं s च्या आधीचं वरचं चिन्ह देवनागरीत आणायचं नाही. सरळ ‘मेन्स वेअर’ लिहा.

*ऱ्हस्व-दीर्घ.* मूळ उच्चार लांबवता का तोडता, एवढंच बघा. ‘स्वीट’, ‘फूड’, ‘टूल्स’, ‘शूज’ लांब. ‘गिफ्ट’, ‘किचन’, ‘फिटिंग’, ‘फर्निचर’ आखूड. ‘स्विट मार्ट’ आणि ‘फर्नीचर’ ही जोडी तर जवळपास प्रत्येक पेठेत सापडते.

*अनुस्वार.* ‘सेंटर’ लिहा, ‘सेन्टर’ नको. ‘सन्स’मधला न मात्र अर्धाच राहू द्या, कारण ‘संस’ कोणी ‘सन्स’ असं वाचत नाही.

आता ‘अँड’. पाटीवरचा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात जास्त बिघडणारा शब्द. तो चार प्रकारे लिहिलेला दिसतो: ‘अँड’, ‘अ‍ॅण्ड’, ‘एंड’, ‘अंड’. शेवटच्या लेखनाने दुकानाची काय शोभा होते ते ‘पाटील अंड सन्स’ मोठ्याने वाचून बघा. ‘एंड’ वाचताना इंग्रजीतला शेवट आठवतो. ‘अ‍ॅण्ड’ चूक नाही, फक्त जागा खातो. मी ‘अँड’ सुचवते. कीबोर्डवर हा शब्द अ आणि चंद्रबिंदू मिळून टाइप करायचा. काही जण आधी अर्धचंद्र आणि मग वेगळा अनुस्वार देतात. फोनवर ते सारखंच दिसतं, पण दुसऱ्या संगणकावर अनुस्वार चंद्रातून निसटून बाजूला उभा राहतो. ‘बँगल्स’ आणि ‘पँट’ यांनाही हेच लागू.

या शब्दाच्या जागी ‘&’ हे इंग्रजी चिन्ह वापरण्याचा मोह होतो. लहान जागेत ते चालून जातं, पण ते चिन्ह प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळ्या उंचीचं येतं आणि शिरोरेषेखाली लटकल्यासारखं दिसतं. आणि सरळ ‘आणि’ लिहायला काय हरकत आहे? जुन्या मराठी पेढ्यांच्या पाट्यांवर ‘आणि कंपनी’ असायचं, भारदस्त दिसायचं. ‘सन्स’पुढे मात्र ‘आणि’ जरा अवघडतं. ‘कुलकर्णी आणि सन्स’ना लग्नाच्या पत्रिकेचा वास येतो. तिथे ‘अँड’च बरं.

एक शेवटची गोष्ट: इंग्रजी जोडनाव सुटं लिहा, मराठी सामासिक शब्द जोडून. ‘साडी सेंटर’, ‘स्वीट मार्ट’ सुटं. ‘वस्त्रदालन’, ‘रसवंतीगृह’, ‘केशकर्तनालय’ जोडून.

4. खालची ओळ शुद्ध मराठीत

नावाखाली दुकानात काय मिळतं ते असतं. इथे इंग्रजीचा आधार घ्यायची गरज नाही, कारण ‘होलसेल अँड रिटेल’पेक्षा ‘घाऊक व किरकोळ’ लहान आहे आणि ‘किराणा व भुसार’ला तर दुसऱ्या भाषेत तोड नाही. पण मराठी शब्द आहेत म्हणून बेसावध राहू नका. हे नेहमी चुकतात:

- ‘उपाहारगृह’, ‘अल्पोपाहार’. ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. ‘उपहारगृह’ लिहिलंत तर तुम्ही गिफ्टचं दुकान चालवता
- ‘दुरुस्ती’, दोन्ही उकार ऱ्हस्व. ‘रु’ आणि ‘रू’ काही फॉन्टमध्ये इतके सारखे दिसतात की प्रुफात नजर घसरते
- ‘शुद्ध’, ‘प्रसिद्ध’. ‘शुध्द’ हे जुन्या फॉन्टमधल्या तडजोडीतून आलेलं रूप आता सवयीने लिहिलं जातं
- ‘कोल्हापुरी’, ‘सोलापुरी’, ‘नागपुरी’. गावाचं नाव ‘कोल्हापूर’, पण विशेषणात पु ऱ्हस्व
- ‘मिसळ’, ‘डाळ’, ‘तांदूळ’. ळ कीबोर्डवर शोधावा लागतो म्हणून ल लिहून मोकळं व्हायचं नाही
- ‘ऑर्डरप्रमाणे’, ‘लग्नासाठी’. शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटूनच

केटरिंगवाल्यांसाठी खास: ‘आचाऱ्यांची सोय’ आणि ‘आचार्यांची सोय’ यांत फरक आहे. पहिल्यात स्वयंपाकी मिळतात, दुसऱ्यात गुरुजी. तो आडवा अर्धा र जुन्या फॉन्टमध्ये सापडत नाही म्हणून डीटीपीवाले सर्रास रफार देतात.

‘आमची कोठेही शाखा नाही’ ही ओळ टाकायची हौस अनेकांना असते. टाका, पण दुकान जुनं होऊ द्या. उद्घाटनाच्या दिवशी ती ओळ केविलवाणी वाटते.

फोन नंबर इंग्रजी आकड्यांत द्यावा असं मला वाटतं, कारण तो बघून डायल करायचा असतो. जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांक प्रवेशद्वाराजवळच्या नामफलकावर दाखवणं बंधनकारक आहे, आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या करपद्धतीत) असाल तर तसा उल्लेखही फलकावर लागतो. त्यासाठी खाली एक पट्टी आधीच मोकळी सोडा. नंतर चिकटवलेला स्टिकर पहिल्या पावसात सोलतो.

5. डीटीपीवाल्याकडे

पहिला प्रश्न: युनिकोडमध्ये (फोनवर आणि कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या पद्धतीत) करणार का जुन्या फॉन्टमध्ये? श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट पाटीच्या धंद्यात अजून जोरात चालतात आणि त्यांत वाईट असं काही नाही. फक्त तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर त्यांत थेट बसत नाही, तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि नव्याने टाइप करताना नव्या चुका होतात. युनिकोड म्हटलं तर कोरल ड्रॉ या पाट्या आखायच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती जोडाक्षरं फोडते, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकते. कुठल्याही मार्गाने गेलात तरी पडद्यावर टिंबांचं पोकळ वर्तुळ दिसलं की काम थांबवा. ते वर्तुळ सांगतं की मात्रेला बसायला अक्षर मिळालेलं नाही. ‘ॲ’ हे अक्षर दोन तुकड्यांत टाइप केलं की हे हमखास होतं.

दुसरी गोष्ट ल आणि श यांचं वळण. शासनाच्या प्रमाण वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये दोन्ही वेगळे येतात. दंड होणार नाही, पण मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते खुपतं. फॉन्ट निवडताना ‘शाल’ हा एक शब्द टाइप करून बघा, दोन्ही अक्षरं कळतील.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि ती नियमाशी जोडलेली आहे. डीटीपीवाला सांगेल, ‘दोन्ही लाइन सेम साइज ठेवल्यात.’ संगणकावर आकडा सारखा असतो, पण देवनागरी फॉन्टला वरच्या-खालच्या मात्रांसाठी जागा राखावी लागते, त्यामुळे तोच आकडा दिला तरी इंग्रजी मोठी अक्षरं बहुतेक वेळा उंच दिसतात. तपासायला येणारा माणूस फाइल उघडत नाही, पाटी बघतो. म्हणून आकडा विसरा आणि पट्टी लावा: शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची इंग्रजी मोठ्या अक्षराच्या उंचीइतकी तरी हवी. मी थोडी जास्तच ठेवायला सांगते.

फाइल पक्की झाली की ती कर्व्हमध्ये करून घ्या, म्हणजे अक्षरांचे आकार गोठतात आणि फॅब्रिकेटरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. त्याआधीची टाइप केलेली फाइलही स्वतःकडे मागून ठेवा. फोन नंबर बदलला की लागते.

6. फॅब्रिकेटरकडे

दिवा नसलेला फ्लेक्स किंवा व्हिनाइल असेल तर हा भाग सोडून द्या. एसीपीवर (ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर) ॲक्रिलिकची किंवा स्टीलची सुटी अक्षरं बसवणार असाल तर वाचा.

इंग्रजी अक्षर एकेकटं उभं राहतं. देवनागरी शब्द शिरोरेषेने जोडलेला असतो, आणि त्याच्याभोवती सुटे तुकडे असतात: अनुस्वार, अर्धचंद्र, नुसता चिकटवलेला उकार. कटिंगवाला शिरोरेषा अक्षरागणिक तोडत असेल तर त्याला अडवा. पूर्ण शब्द एकसंध कापता येतो. सुटे तुकडे शक्यतो शिरोरेषेला जोडलेले ठेवायला सांगा, जोडता येत नसतील तर प्रत्येकाला स्वतंत्र स्टड, म्हणजे मागून धरणारी खुंटी, हवा. नुसत्या टेपवर चिकटवलेला अर्धचंद्र उन्हात सुटतो आणि ‘मॅचिंग’चं ‘मचिंग’ होतं. अनुस्वाराचं तर विचारूच नका, ‘सेंटर’चं ‘सेटर’ व्हायला एक वादळी पाऊस पुरतो.

आतून एलईडी असेल तर त्या बारीक तुकड्यांतही दिवा आहे का ते विचारा. नाहीतर दिवसा ‘बँगल्स’ आणि रात्री ‘बगल्स’. ग्लोसाइन, म्हणजे दिव्याने उजळणारी पाटी, असेल तर मुंबईत महापालिकेच्या अनुज्ञापन विभागाचा वेगळा परवाना लागतो; इतर शहरांत आपल्या पालिकेत विचारून मगच वायरिंग करा.

7. प्रूफ तपासण्याची पद्धत

फोनच्या पडद्यावर बघून ‘ओके’ पाठवू नका. ए-फोर कागदावर प्रिंट काढा, शेजारी पहिल्या पायरीतला हाताने लिहिलेला कागद ठेवा, आणि शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत या. सरळ वाचताना मन चूक दुरुस्त करून वाचतं. उलट वाचताना प्रत्येक शब्द सुटा दिसतो. मग पुन्हा एकदा फक्त वरच्या खुणा बघा: मात्रा, रफार, अनुस्वार, चंद्र. मग फक्त खालचे उकार.

त्यानंतर तो कागद भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. ‘व्ह’ची जोडणी, ‘ष्ट’, ‘द्ध’ लांबून गिचमिड होत असतील तर फॉन्ट जाड आहे, एक पायरी बारीक घ्या. पाटीसाठी जितकं जाड तितकं चांगलं हा समज इंग्रजी अक्षरांवरून आलाय. देवनागरीच्या पोटात मोकळी जागा लागते.

मंजुरी देताना ‘ठीक आहे’ एवढंच लिहू नका. प्रिंटवर सही करा, तिचा फोटो पाठवा आणि सोबत लिहा: ‘या प्रिंटप्रमाणेच कापावे, मजकुरात बदल झाल्यास पाटी पुन्हा करून द्यावी.’ ॲडव्हान्स या निरोपानंतर द्या, आधी नाही.

8. पाटी चढताना

बसवायच्या दिवशी स्वतः हजर राहा. अक्षरं जमिनीवर ओळीने मांडून एकदा वाचा आणि मग शिडी लावू द्या. वर गेल्यावर रस्त्याच्या पलीकडून फोटो काढा, एक दिवसा आणि एक दिवे लागल्यावर. दिवसाचा फोटो बँकेला आणि शॉप ॲक्टच्या अर्जाला उपयोगी पडतो. रात्रीच्या फोटोत कुठला अर्धचंद्र अंधारात राहिला ते दिसतं, आणि फॅब्रिकेटरचं उरलेलं बिल तो पेटेपर्यंत थांबू शकतं.